पाच फूट अलीकडे

ऐन आंब्याच्या हंगामात पेट्या भरायच्या सोडून इथे येऊन बसलेल्या रत्नागिरीकर मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'कडे आणि देव'. पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग प्रश्न आला, 'म्हणजे नक्की कोणाच्या बाजूने बोलणार?' मला हा प्रश्न आवडला. दोन बाजू आहेत हे त्यांनी आपोआपच मान्य करून टाकलं. कड्यावर दोर लावणारा माणूस आणि कड्याखालच्या देवळात दिवा लावणारा माणूस यांच्यात कुरबूर आहे. ती वर्तमानपत्रात फारशी येत नाही, पण ज्या गावाच्या डोक्यावर कडा आहे त्या गावात विचारा. मी स्वतः दोर लावणाऱ्यांपैकी. माझी बाजू आधीच सांगून टाकली; ती मी धड लढवतो का ते तुम्ही बघा.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे ते सर शाळेत भूगोल शिकवत, असं मला कळलं. मग सुरुवात भूगोलापासूनच करू. पहिला प्रश्न असा की देव कड्यापाशीच का जाऊन बसतो?

आपला सडा, म्हणजे कातळाचं पठार, डोळ्यांसमोर आणा. वर जांभा. जांभ्याला भोकंच भोकं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यातला बराचसा वाहून समुद्राला जातो, बाकीचा जांभ्यातून खाली मुरतो. खाली चिकण मातीचा थर लागला, काळा कातळ लागला, की पाणी अडतं. मग ते आडवं सरकतं आणि सडा जिथे तुटतो तिथे, धारेखाली, झरा होऊन बाहेर पडतं. आता मला सांगा, असा बारमाही झरा असतो तिथे काय असतं? राई असते. आणि राईत कोण असतो? सड्याची धार, झरा, राई, देव: सगळे एका ओळीत. ज्यांनी तिथे देव बसवला त्यांना पाणलोट वगैरे शब्द माहीत नव्हते, पण या झाडांना कुऱ्हाड लागली तर खालची विहीर आटेल एवढं नक्की माहीत होतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. गावाचं लक्ष पहिल्यापासून होतंच.

आता आरोहकाला काय लागतं ते पाहा. कडा लागतो. कड्याखाली सावली लागते. प्यायला पाणी लागतं. गाडीरस्त्यापासून दोर पाठीवर घेऊन चालत जाता येईल इतकं अंतर लागतं. म्हणजे देवाला जी जागा लागते तीच! आम्ही देवाची जागा हुडकत जात नाही हो. आमची आणि त्याची निवड एकच पडते, एवढंच.

घाटाकडे गेलं तर हेच चित्र काळ्या बसाल्टमध्ये दिसतं. संगमेश्वर तालुक्यात मारळला मार्लेश्वराची गुहा, शेजारी धारेश्वराचा धबधबा, आणि मकरसंक्रांतीला त्याचं साखरप्याच्या गिरिजाईशी लागणारं लग्न तुम्हाला मी सांगायला नको. कर्जतच्या बाजूला ढाकचा बहिरी आहे. कड्याच्या पोटातली गुहा, वर जायला खोदीव पावठ्या, दोर आणि एक ओंडका. गिर्यारोहणाचा कसलाही अभ्यासक्रम न केलेली गावची माणसं वर्षानुवर्षं तो टप्पा चढून देवाला जातात. गुहेजवळ पाण्याचं टाकं आहे आणि त्यात भांडी ठेवलेली असतात. भांडी घ्या, स्वयंपाक करा, जेवा, घासा, परत टाक्यात ठेवा. पाटी नाही, पावती नाही, अनामत रक्कम नाही. याच ढाकला चिकटून कळकराय नावाचा सुळका उभा आहे आणि तो आमच्या मंडळींचा मोठा लाडका. कळकरायवर चढणारा बहिरीच्या दारावरून जातो. प्रश्न एवढाच, की तो पाहुण्यासारखा जातो की टोलनाका चुकवून निघाल्यासारखा?

दुसऱ्या मुद्द्यासाठी जरा लांब जाऊ या. 1955 साल. कांचनजंगा, उंची 8,586 मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर, तोवर कुणी चढलेलं नव्हतं. चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश मोहीम नेपाळच्या बाजूने निघाली. पण शिखर पडतं नेपाळ आणि सिक्कीमच्या सीमेवर, आणि सिक्कीमच्या लोकांचा तो देव. पांग ल्हाबसोल या सणाला ते आजही त्याची पूजा करतात. सिक्कीमकडून हरकत आली. इव्हान्स यांनी चोग्यालना, म्हणजे तिथल्या राजाला, शब्द दिला: शिखराच्या माथ्यावर पाय ठेवणार नाही. 25 मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड वर पोचले. माथा समोर होता. वीसेक फूट पुढे, पाचेक फूट वर. तिथे ते थांबले आणि उतरले. दुसऱ्या दिवशी नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर पोचले. तेही तिथेच थांबले.

पाच फूट! या टेबलाच्या साधारण दुप्पट उंची. तिथे बघायला कोण होतं? राजा नाही, पुजारी नाही, वार्ताहर नाही, आजच्यासारखा ड्रोन नाही. आणि ही माणसं सिक्कीमच्या देवाची भक्त होती का? मुळीच नव्हती. मग का थांबली?

मला याचं उत्तर इव्हान्स या माणसात सापडतं. 1953 साली हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचले त्याच्या तीन दिवस आधी इव्हान्स आणि त्यांचे साथीदार बुर्डिलन एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरापर्यंत गेले होते. माथा शंभरेक मीटर वर राहिला होता. प्राणवायूचं उपकरण कुरकुरत होतं, वेळ संपत आली होती, ते परत फिरले. माथ्याच्या अलीकडून परत फिरणं किती जड जातं हे ज्याने अंगावर घेतलं आहे, असा माणूस दोन वर्षांनी आपल्या गड्यांच्या वतीने 'थांबू' असा शब्द देतो. त्या शब्दाला वजन होतं, कारण त्याची किंमत त्याला माहीत होती.

आमच्या क्षेत्रातले तरुण मला विचारतात, 'मी देव मानत नाही, मग मी का थांबू?' मी त्यांना सांगतो, बाबा रे, इव्हान्सने शब्द देवाला दिलाच नव्हता. तो माणसांना दिला होता. देव आहे की नाही यावर तू आणि गुरव रात्रभर वाद घाला, मी चहा करून देतो. पण गुरव आहे, गाव आहे, गावाचं त्या कातळाशी नातं आहे, याबद्दल वाद नाही ना? मग संपलं.

पुढे सिक्कीमने 2001 साली आपल्या बाजूने कांचनजंगावर चढायला बंदीच घातली. नेपाळकडची वाट उघडी आहे. त्याच बाजूने, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे दहा गिर्यारोहक 15 मे 2019 रोजी या शिखरावर गेले. मराठी माणसासाठी कांचनजंगा आता परकी राहिलेली नाही, म्हणून इव्हान्सचा शब्दही परका समजू नका.

शब्दाचं झालं, आता विनंतीचं. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा प्रचंड सुळका आहे. तिथल्या आदिवासी जमातींच्या लेखी ते अस्वलाचं घर, आणि जून महिना त्यांच्या विधींचा. 1995 साली तिथल्या उद्यान विभागाने आरोहकांना विनंती केली की जूनमध्ये चढू नका. बंदी घातली नाही, विनंती केली. पहिल्या काही वर्षांत जूनमधले आरोहक सुमारे 80 टक्क्यांनी घटले. मग हळूहळू काहींना विनंतीचा विसर पडू लागला. ऑस्ट्रेलियातल्या उलुरूची कथा उलटी. तिथल्या अनांगु लोकांना तो खडक 26 ऑक्टोबर 1985 रोजी परत मिळाला. 'कृपा करून चढू नका' असं ते सांगत राहिले आणि पर्यटक साखळी धरून चढत राहिले. शेवटी 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाई कायमची बंद झाली, आणि बंद होणार म्हटल्यावर आधीच्या दिवसांत चढायला रांगा लागल्या. विनंती ऐकली नाही की पुढे बंदी येते, हा त्यातला व्यवहार. आपल्याकडे जून महिना पाऊसच बंद ठेवतो, त्यामुळे आपल्याला ते पुण्य फुकट मिळतं.

इथवर जे म्हटलं ते सगळ्यांना पटण्यासारखं आहे, आणि सगळ्यांना पटणारं बोलून निघून जायला मला इतक्या लांबून बोलावलेलं नाही. तेव्हा अवघड भागाकडे येतो. गावाचा नियम पाळायचा म्हटलं, पण कुठला नियम? देवाच्या नावाने सांगितलेला प्रत्येक नियम?

हा प्रश्न रत्नागिरीत विचारायला मला संकोच वाटत नाही. याच गावात 1931 साली पतितपावन मंदिर उघडलं. भागोजीशेठ कीरांनी पैसा घातला, स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी खटपट केली, आणि ज्यांना गाभाऱ्याच्या आसपास फिरकायची मनाई होती त्यांच्यासाठी एक गाभारा उघडा झाला. त्या काळी 'आमच्या श्रद्धेचा आदर करा' हे वाक्य कोण म्हणत होतं? सनातनी म्हणत होते. अगदी हेच शब्द. शनिशिंगणापूरचा चौथरा एप्रिल 2016 मध्ये बायकांना खुला झाला, तोपर्यंत तिथेही हेच शब्द. मग मी आज इथे उभा राहून तेच वाक्य बोललो तर तुम्ही मला खाली बसवलं पाहिजे.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. नियम सगळ्यांचे पाय सारखे बांधतो का? 'या माथ्यावर कुणीच पाय ठेवायचा नाही', राजा नाही, पुजारी नाही, आरोहक नाही, पुरुष नाही, बाई नाही, तर तो नियम मी डोकं टेकवून पाळीन, मला त्यामागची कथा पटो वा न पटो. 'अमक्या जातीने यायचं नाही, बाईने यायचं नाही', तर तो नियम नाही. ती जागेवरची मालकी आहे, आणि ती मोडायला मी दोर घेऊन येईन. आमच्या संघात मुली असतात. एखाद्या राईतून जाताना त्यांनीच तेवढं लांबून वळसा घालून यावं, असं सांगण्यात आलं, तर संपूर्ण संघाने वळसा घालावा, आणि घालून झाल्यावर गावात बसून त्यावर बोलावं. भांडू नये, पण बोलावं.

कसोटी छान आहे, नाही? आता ती कुठे अडते ते सांगतो. नाशिक जिल्ह्यातली सप्तशृंगी. देवीचं मंदिर कड्याच्या पोटात, वर सरळसोट शिखर. चैत्रातल्या यात्रेला आणि दसऱ्याला त्या शिखरावर ध्वज लागतो. तो लावायचा मान दरेगावच्या गवळी पाटलांच्या घराण्याचा. ध्वज, काठी, पूजेचं साहित्य घेऊन एक माणूस रात्री चढतो, पहाटेच्या आत वर ध्वज फडकलेला दिसतो. इतरांना तिथे चढायला मज्जाव. मी व्यवसायाच्या नजरेने तो कातळ खालून पुष्कळ न्याहाळला आहे, आणि टोपी काढली आहे. दिवसाउजेडी, दोराने, चांगल्या बुटांनी जिथे विचार करावा लागेल तिथे हे घराणं पिढ्यानपिढ्या रात्रीचं जाऊन येतं. आमच्यातले काही जण प्रस्तरारोहणाचा इतिहास क्लबांच्या स्थापनेपासून मोजतात, त्यांनी चैत्रात एकदा सप्तशृंगीला जावं.

पण माझी कसोटी? एका घराण्याला परवानगी, बाकी सगळ्यांना बंदी. जन्मावरून ठरलेलं! माझ्या कसोटीवर हे उतरत नाही. मी मनाशी म्हणतो, दर्शन तर सगळ्यांना खुलं आहे, बंद आहे तो फक्त माथा. आणि माथ्यावर जाण्यात गवळी पाटलांना मिळतं काय? जिवाचा धोका. तो हक्क कमी, जबाबदारी जास्त. माथा उद्या सगळ्यांना उघडला तर उलुरूसारखी रांग लागेल, बोल्ट ठोकले जातील, वर्षभरात रेलिंग येईल. म्हणून तो आहे तसा राहावा, या मताचा मी आहे. पण हेही मला दिसतं, की 'हा हक्क नाही, जबाबदारी आहे' हा युक्तिवाद गाभाऱ्यातल्या मंडळींनीही 1931 साली केला असता. या दोन्हीत फरक आहे असं मला ठाम वाटतं. तो तुम्हाला पटतो का, ते प्रश्नोत्तरात सांगा. मी गोडीत ऐकेन.

आता गावाच्या बाजूचंही थोडं बोललं पाहिजे, नाहीतर सगळा भार दोरवाल्यांवर पडेल. कड्यावर एक बोल्ट ठोकला तर चिडणारं गाव जीर्णोद्धाराच्या नावाखाली राईतली जुनी झाडं विकतं, की नाही विकत? कौलारू देऊळ पाडून आरसीसीचा स्लॅब टाकतं, भोवती पेव्हर ब्लॉक बसवतं, झऱ्याला पाइप लावून टाकी बांधतं आणि मोटार बसवतं. कर्ण्याचं तोंड कड्याकडे करतं, आणि मग कड्यावरचं आग्या मोहोळ उठलं की दोष आमच्या दोराला. सड्यावर चिरेखाण काढताना कुणी देवाला कौल लावला होता का? एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठीचं माती परीक्षण आणि त्याविरुद्धचं आंदोलन आपण सर्वांनी पाहिलं. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत. त्या मानाने सड्यावर येणारा आरोहक हा अगदीच किरकोळ उपद्रवी. पण दुसऱ्याचं पाप मोठं म्हणून आपलं धुऊन निघत नाही.

कातळशिल्पांचा विषय निघालाच, तर तिथे जरा थांबू. हा तुमचा ठेवा आहे आणि तो जगात फार थोड्या ठिकाणी आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगावचे सडे तुडवले, गुराख्यांना विचारलं, आणि हजाराच्या वर आकृती उजेडात आणल्या. 2022 साली कशेळी, उक्षी, जांभरूण, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी ही नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती 18 मीटरच्या आसपास लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेले आहेत. अडचण काय, तर ही चित्रं उभ्या भिंतीवर नाहीत. ती पायाखाली आहेत. तुम्ही हत्तीच्या पाठीवर उभे राहून विचारता, हत्ती कुठे आहे?

आणि मग चुका कशा होतात? 2021 साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका आरोहकाने चढाईची नवी वाट तयार करताना बोल्ट ठोकले. तिथे कातळावर काही चित्रं होती. त्याला ती अलीकडे कुणीतरी खरडलेली वाटली. ती होती हजारेक वर्षांपूर्वीची. गहजब झाला, त्याने माफी मागितली, जाऊन बोल्ट काढले, भोकं बुजवली. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पेरू देशात नाझका इथे तर याहून मासलेवाईक प्रकार. डिसेंबर 2014 मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते, म्हणजे पर्यावरणवाले, अक्षय ऊर्जेचा संदेश द्यायला त्या प्राचीन रेखाटनांमधल्या पक्ष्याजवळ गेले, जमिनीवर मोठी अक्षरं मांडली, आणि जिथे कुणालाच चालू देत नाहीत तिथे त्यांच्या पावलांच्या खुणा राहिल्या. पृथ्वी वाचवायला गेले आणि पायाखालचीच तेवढी वाचली नाही. आपल्याकडे फोटो नीट यावा म्हणून कातळशिल्पाच्या रेघांत खडू भरणारे त्याच पंथातले. उक्षीत गावाने पुढाकार घेतला आणि तिथल्या कोरलेल्या हत्तीभोवती कठडा उभा राहिला. कठडा नाही अशा सड्यांवर गाडी थेट चित्रावर उभी करून चित्र शोधणारे भेटतात.

यातून आमच्या मंडळींसाठी काय निघतं? रत्नागिरीला 'क्लाइंबिंग डेस्टिनेशन' करा, अशी मागणी अलीकडे ऐकू येते. रत्नदुर्गाच्या कड्यावर रॅपलिंगचे कार्यक्रम होतात, मुलं येतात, धीट होतात, उत्तम आहे. पण बदामी आणि हंपी डोळ्यांसमोर ठेवून इथे धडाधड वाटा काढायच्या म्हणत असाल तर आधी दगड ओळखा. बदामीचा वालुकाश्म, हंपीचा ग्रॅनाइट, आणि आपला जांभा यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जांभ्यात ठोकलेल्या बोल्टवर जीव टांगा असं मी कुणाला सांगणार नाही. चढण्याजोगा पक्का कातळ घाटाच्या अंगाला आहे, आणि तिथे त्याच्या पायथ्याशी कोण बसलंय हे आपण मघाशी पाहिलं.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न इतर ठिकाणी अवघड असेल. कोकणात तो सुटलेला आहे. परवानगी मागायची रीत इथे तयार आहे. गुरव आहे, मानकरी आहेत, गाऱ्हाणं आहे, कौल आहे. शेत पेरायचं, घर बांधायचं, मुंबईला नोकरीला जायचं, तर लोक देवाला विचारतात. मग कड्यावर दोर लावायचा तर विचारायला काय झालं? नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, कौल लावा. उजवा आला तर चढा. डावा आला तर दोर गुंडाळा, जेवून घरी या. तुमचा कौलावर विश्वास नसेना. त्या एका सकाळी तुम्ही गावासमोर बसता, गाव तुमचे चेहरे बघतं, कुठली झाडं शेंदराची, कुठल्या घळीत गिधाड किंवा ससाणा घरटं करतो, मोहोळ कुठे आहे, पालखी कुठल्या वाटेने जाते, हे सगळं तुम्हाला न विचारता सांगितलं जातं. ही माहिती कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात नाही. आणि वन विभागाचा कागद लागत असेल तिथे तो वेगळा काढा. कौल दाखवून रेंजर सोडत नाही.

माझी एक ठोस मागणी आहे. पावसाळ्यात कडे बंद असतात, म्हणजे चार महिने हातात आहेत. जिल्ह्यातल्या गिर्यारोहण संस्थांनी या चार महिन्यांत एकत्र बसून कड्यांची एक यादी करावी. कुठल्या कड्यावर कायमचा बोल्ट कधीच नको, कुठल्या कड्यावर जत्रेच्या दिवसांत दोर नको, कुठल्या धारेवर घरट्यांच्या मोसमात नको, कुठल्या सड्यावर गाडी नेऊ नये. यादी संस्थांनी एकट्याने करू नये. त्या त्या गावचा माणूस टेबलाशी हवा, आणि त्यात बायका हव्यात. नवरात्रात गावं देवळात एकत्र जमतात, तेव्हा ती यादी तिथे वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात, बदलावी. मग ऑक्टोबरात दोर काढावेत. पहिली बैठक याच सभागृहात घ्यायला आयोजकांची हरकत नसेल, तर मी यायला तयार आहे, मानधन न घेता.

माझी वेळ संपली, अध्यक्ष मघापासून घड्याळाकडे बघताहेत. सप्तशृंगीवरून ज्यांना माझ्याशी भांडायचं आहे त्यांनी कृपया पुढच्या रांगेत यावं.